‘दरवर्षी तेच रडगाणं’ म्हणणाऱ्यांसाठी

आज दुपारी जेवायला गेलो तिथे इकिमोनोगाकारी या जपानी बँडचं ‘साकुरा’ (म्हणजे चेरीची फुलं) लागलं. समोर बसलेले आमचे एक सिनियर, गेल्या वर्षीच पुण्याहून तोक्योला आलेले, हसत म्हणाले, “झालं यांचं सुरू! मार्च आला की फुलं गळणार आणि हे रडणार. दरवर्षी तेच रडगाणं.” टेबलावरची विशीतली जपानी मुलंही हसली. एक जण म्हणाला, हे तिशीतल्यांचं गाणं, माझी ताई ऐकायची.

मी काही बोलले नाही, लगेच मीटिंग होती. पण तेव्हापासून आत काहीतरी धुमसतंय. तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी माझ्यासोबत जपानी शिकलंय, इथे दिवस काढलेत. कुणाचा गळा दाटून आला तर त्यावर हसू नये, एवढं तुम्हाला तरी सांगायला नको.

या देशात मार्च म्हणजे काय असतो ते आधी बघा. शाळा मार्चमध्ये संपते आणि एप्रिलमध्ये नवी सुरू होते. नोकरीचा पहिला दिवस 1 एप्रिल. ऑफिसच्या बदल्या याच दिवसांत, त्यामुळे सामान हलवायला ट्रकसुद्धा मिळत नाही. अख्खा देश एकाच महिन्यात एकमेकांचा निरोप घेतो. आणि तोक्योत साकुरा फुलतो साधारण मार्चच्या शेवटी, म्हणजे शाळेचा निरोप समारंभ होतो तेव्हा फांद्यांवर बहुतेक नुसत्या कळ्या असतात. फुलांची गाणी फुलं यायच्या आधीच गाऊन होतात. “फुलं गळली म्हणून रडतात” म्हणणाऱ्याने एकदा तरी त्या शाळेच्या थंडगार जिममध्ये उभं राहून बघावं.

मी उभी राहिलेय. बाबा वाय-टू-केच्या, म्हणजे 2000 सालासाठी संगणक दुरुस्त करायच्या, कामाला आलेल्या इंजिनियरांपैकी. आम्ही तोक्योतल्या निशिकासाईला राहायचो आणि मी घराजवळच्या जपानी शाळेत जायचे. 2007 चा मार्च, आमची नववी संपत होती. समारंभात आम्ही दोन गाणी म्हटली, त्यातलं एक रेमिओरोमेन या तिघांच्या बँडचं ‘सांगात्सु कोकोनोका’, म्हणजे ‘9 मार्च’. मी आल्टोत, म्हणजे खालच्या पट्टीत गाणाऱ्या मुलींत, होते. माझ्या शेजारी जी मुलगी उभी राहायची ती तीन वर्षांत माझ्याशी फारसं बोलली नव्हती. वाईट नव्हती, लाजरी होती, आणि मीही. दुसऱ्या कडव्यात तिचा आवाज बंद पडला. तिने माझ्या युनिफॉर्मची बाही पकडली आणि शेवटपर्यंत सोडली नाही. मी माझी ओळ जोरात म्हटली, तिच्या वाटचीही.

हे गाणं मुळात शाळेचं नाहीच, बरं का. त्या तिघांनी ते आपल्या मित्राच्या लग्नासाठी केलं होतं. 2004 साली 9 मार्चलाच ते प्रसिद्ध झालं. पुढच्या वर्षी ‘इचि रित्तोरु नो नामिदा’ (‘एक लिटर अश्रू’) या टीव्ही मालिकेत आजारी मुलीचा वर्ग ते एकत्र गातो, आणि तिथून ते देशभरच्या शाळांत शिरलं. आमच्या वर्गाने ती मालिका पाहिली होती. कुठलं गाणं म्हणायचं यावर चर्चासुद्धा झाली नाही.

हो, मान्य, यातली काही गाणी जाहिरातींची आहेत. आज लागलेलं ‘साकुरा’ 2006 साली तार पाठवण्याच्या सेवेच्या जाहिरातीत वाजायचं. आणि हो, त्या काळात वसंत आला की कंपन्या साकुराची गाणी काढत सुटायच्या, त्यातली कित्येक फुसकी होती. बरं, मग? आजच्या त्या ‘साकुरा’त ओदाक्यू या लोकल रेल्वेच्या लाइनवर खिडकीत दिसणारी फुलं आहेत. तीच लाइन ज्या आत्सुगी आणि एबिनावरून जाते, तिथली ही इकिमोनोगाकारीची मुलं, आत्सुगीच्या स्टेशनबाहेर उभं राहून गाणारी. त्यांनी आपल्या रोजच्या लोकलबद्दल लिहिलं. सगळी सारखीच म्हणे! गायक मोरियामा नाओतारोचं 2003 चं ‘साकुरा’ जवळजवळ नुसत्या पियानोवर उभं आहे, त्यात मित्राला निरोप आहे. केत्सुमेइशी या ग्रुपच्या 2005 च्या ‘साकुरा’वर पाय थिरकतात. कोबुकुरो या जोडीचं ‘साकुरा’ त्या दोघांनी एकत्र बांधलेलं पहिलं गाणं, रस्त्यावर गात असतानाच्या दिवसांतलं, आणि सिंगल म्हणून आलं 2005 मध्ये. ज्याला ही चार गाणी एकसारखी ऐकू येतात त्याने ती ऐकलेलीच नाहीत.

आमच्या आधीच्या पिढीचा वसंत वेगळा होता, हेही खरं. कॅन्डीज या मुलींच्या ग्रुपचं 1976 चं ‘हारु इचिबान’ ऐका, त्यात खिडक्या उघडून बाहेर पळायचा उत्साह आहे. आमच्या वाट्याला रेल्वेचा फलाट आला. म्हणून आमचं दुःख खोटं ठरत नाही.

समारंभ झाल्यावर त्या मुलीने माझ्या हातात एक एमडी, म्हणजे गाणी भरायची छोटी मिनीडिस्क, ठेवली. तिच्या अक्षरात गाण्यांची नावं लिहिलेली: मोरियामा, कोबुकुरो, केत्सुमेइशी, इकिमोनोगाकारी, आणि सगळ्यात शेवटी रेमिओरोमेन. माझ्याकडे मोबाइल नव्हता, बाबांनी घेऊच दिला नव्हता. बाकीची पोरं फोन एकमेकांसमोर धरून इन्फ्रारेडने नंबर देत घेत होती. मला ती एमडी मिळाली. घरी आम्ही सामान बांधत होतो आणि टीव्हीवर कोबुकुरोचं ‘त्सुबोमी’ (‘कळी’) सारखं लागायचं. त्या जोडीतल्या कोबुचींची आई ते अठरा वर्षांचे असताना गेली, हे गाणं तिच्यासाठी आहे. त्या वर्षीचा रेकॉर्ड तायशो हा जपानी गाण्यांचा मोठा पुरस्कार त्यालाच मिळाला. आई खोक्यांना टेप लावता लावता थांबून ऐकायची. तिला जपानी फार येत नव्हतं.

एप्रिलमध्ये मी पुण्यात होते, दहावीच्या व्हेकेशन क्लासला. बाहेर अंग भाजणारं ऊन, गुलमोहर लालभडक, आणि माझ्या कानात साकुरा. क्लासच्या मुलींना ऐकवलं तर त्या म्हणाल्या, छान आहे, झोप येते. त्यांचा राग नाही आला, त्यांचा तो मार्च नव्हताच. आपल्याकडेही दहावीचा निरोप समारंभ होतो, पण त्यानंतर बोर्डाची परीक्षा डोक्यावर असते, रडायला सवड कुठे?

राग येतो तो इथे राहून, इथला पगार घेऊन, इथल्या माणसांच्या गळ्यातल्या आवंढ्यावर हसणाऱ्यांचा. आज तिशीत असलेल्यांपैकी कितीतरी जण 2011 च्या मार्चमध्ये शाळा-कॉलेजातून बाहेर पडायचे होते. भूकंप 11 तारखेला झाला. त्सुनामीने झोडपलेल्या केसेननुमाच्या हाशिकामी शाळेचा समारंभ 22 मार्चला झाला तो ज्या जिममध्ये, तिथे बेघर झालेली माणसं राहत होती. मी तेव्हा पुण्यात टीव्हीसमोर बसून होते आणि त्या मुलीचा पत्ता माझ्याकडे नव्हता. आजही नाही. ती कुठल्या गावी शिकायला गेली ते मला कधीच कळलं नाही. हे “रडगाणं” आहे का?

लिहिता लिहिता जरा शांत झाले. टेबलावरचा तो मुलगा आठवतोय, ताईचं गाणं म्हणणारा. तो 2020 ला शाळेतून बाहेर पडला. 2 मार्चपासून शाळा बंद झालेल्या. कित्येक समारंभांत विषाणूच्या भीतीने गाणंच गाळलं होतं. त्याच्या शाळेत काय झालं ते मी कधी विचारलं नाही. त्याने काय ऐकावं हे मी सांगणार नाही. ताईच्या खोलीतून ऐकलं असेल ते त्याच्यापाशी असेलच.

त्या दिवशीचं आमचं दुसरं गाणं होतं ‘ताबिदाची नो ही नि’, म्हणजे ‘निघायच्या दिवशी’. ते 1991 मध्ये चिचिबूच्या कागेमोरी शाळेत तयार झालं. शब्द मुख्याध्यापकांचे, चाल संगीताच्या बाईंची. शिक्षकांनी ते निघालेल्या मुलांसमोर एकदाच म्हणायचं ठरवलं होतं. आता देशभरच्या शाळांत म्हणतात. त्यात कुठली कंपनी आणि कुठली जाहिरात?

शनिवारी संध्याकाळी निशिकासाईला कराओकेची खोली घेतेय. फक्त मार्चची गाणी, 1990 ते 2010. आल्टो मी सांभाळते, सोप्रानोला, वरच्या पट्टीला, दोघी तरी हव्यात. ज्यांना यायचंय त्यांनी उद्या रात्रीपर्यंत कळवा.