किती वेळा जेवायचं, याच्या आधीचा प्रश्न

२०१८-१९च्या सुमारास मराठी घरांत दोन तट पडले होते, आणि त्याचा निवडणुकीशी काही संबंध नव्हता. एक तट डॉ. जगन्नाथ दीक्षितांचा: दिवसातून दोनदाच जेवा, प्रत्येक जेवण ५५ मिनिटांच्या आत उरका, ४५ मिनिटं चाला. दुसरा ऋजुता दिवेकरांचा: थोडं थोडं, दर दोन-तीन तासांनी खा, आणि तुपाला घाबरू नका. सासरे एकीकडे, सून दुसरीकडे. इथे इंग्लंडमध्ये आमच्या मंडळाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवरही हा तंटा इतका रंगला की अॅडमिननं शेवटी विषयबंदी केली. आता तो वाद थंडावलाय. मार्च २०२५मध्ये माउंजारो आणि त्यानंतर तीन महिन्यांनी वेगोवी, ही वजन उतरवणारी इंजेक्शनं, भारतात आल्यापासून फोनवरचा प्रश्न बदलला: "ते इंजेक्शन तिकडे सगळे घेतात का रे?"

मला दोन्ही वाद एकाच जातीचे वाटतात. दोन्हींत वजनकाट्यावरचा आकडा हाच न्यायाधीश. कुणाचे बारा किलो उतरले, कुणाची शुगर नॉर्मल झाली, फोटो आधीचा, फोटो नंतरचा. हृदयाचं काय झालं, हे कुणी विचारत नाही. विचारलं तरी फोटोतून ते दिसणार नसतं.

जेवणाच्या वेळांपुरतं बोलायचं तर थोडीफार उत्तरं आहेत. चीनमधल्या ग्वांगझू इथे १३९ लठ्ठ प्रौढांवर झालेली चाचणी २०२२मध्ये प्रसिद्ध झाली. सगळ्यांनी कॅलरी कमी करायच्या. निम्म्यांनी सकाळी आठ ते दुपारी चार एवढ्याच वेळात खायचं, बाकीच्यांना वेळेचं बंधन नाही. वर्षभरानंतर वेळ पाळणाऱ्यांचं वजन सरासरी ८ किलोंनी कमी झालं, बाकीच्यांचं ६.३ किलोंनी, आणि हा फरक योगायोगापलीकडचा मानता येईल एवढा नव्हता. स्टॅनफर्डमध्ये ६०९ जणांवर कमी चरबी विरुद्ध कमी कर्बोदकं असा सामना झाला, २०१८मध्ये निकाल लागला, तोही जवळपास बरोबरीचा. म्हणजे दोन्ही तटांनी एकमेकांवर जेवढी आग पाखडली, तेवढी गरज नव्हती. जे ज्याला वर्षानुवर्षं निभावतं, ते त्यानं करावं. पण या चाचण्यांनीही मोजलं ते मुख्यतः वजन. हार्ट अॅटॅक मोजायचे तर हजारो माणसं लागतात, वर्षं लागतात, पैसा लागतो.

तशी एक मोठी चाचणी अमेरिकेत झाली, लुक अहेड नावाची. टाइप २ मधुमेह आणि जास्त वजन असलेले ५,१४५ प्रौढ. निम्म्यांना आहार आणि व्यायामाचं कसून मार्गदर्शन. पहिल्या वर्षी त्यांचं वजन साडेआठ टक्क्यांनी उतरलं, शुगर सुधारली, फिटनेस वाढला. पण साडेनऊ वर्षांच्या आसपास पाठपुरावा झाला तरी हृदयविकाराच्या घटनांत दोन गटांत म्हणावा असा फरक पडेना, आणि २०१२मध्ये तो प्रयोग थांबवला गेला. याची कारणं अनेक सांगतात. दुसऱ्या गटालाही चांगली औषधं मिळत होती, हे त्यातलं एक. काहीही असो, "वजन उतरलं की हृदय आपोआप सुरक्षित" हे वाक्य छातीठोकपणे म्हणणाऱ्याला मी आधी ही चाचणी वाचायला सांगेन.

मग २०२३मध्ये सिलेक्ट चाचणीचा निकाल आला. १७,६०४ माणसं, मधुमेह नसलेली, पण हृदयविकार किंवा पक्षाघातासारखा त्रास आधीच असलेली आणि बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, २७ किंवा जास्त. सेमाग्लुटाइड, म्हणजे वेगोवीतलं औषध, घेणाऱ्यांत हृदयविकारानं मृत्यू, हार्ट अॅटॅक किंवा पक्षाघात यांचं एकत्रित प्रमाण २० टक्क्यांनी कमी. जाहिरातीत हा २० येतो. साध्या हिशेबात, सव्वातीन वर्षांच्या आसपास शंभरातल्या आठांऐवजी साडेसहा जणांवर ही वेळ आली. फायदा खरा आहे, मी तो नाकारत नाही. पण लग्नाआधी सात किलो कमी करू पाहणाऱ्या धडधाकट भाचीला तो लागू होत नाही. त्या चाचणीतले दहांतले आठांहून जास्त लोक गोरे होते, हेही तिला कुणी सांगत नाही.

इथे मला पुण्याची आठवण काढावी लागते. केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एक फोटो २००४मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. दोघे शेजारीशेजारी उभे, दोघांचाही बीएमआय २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिनांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. पुण्याजवळच्या खेड्यांमधल्या त्यांच्या अभ्यासात याचं मूळ आणखी मागे, थेट जन्मापर्यंत गेलं: तिथली बाळं सरासरी २.७ किलोंची, इंग्लंडमधली साडेतीन किलोंची, आणि आपल्या बाळांत स्नायू कमी असले तरी चरबी त्या मानानं टिकून. हातपाय काटकुळे, पोटावर चरबी, ही ठेवण तेव्हापासूनची. वजनकाटा ती पकडत नाही.

गंमत अशी की या शोधाचा वापर मला माझ्या इंग्लिश जीपीच्या, म्हणजे फॅमिली डॉक्टरच्या, दवाखान्यात जास्त दिसतो. इथल्या नर्सकडे दक्षिण आशियाई माणसासाठी बीएमआयची रेषा २५ ऐवजी २३ला आखलेली असते. लठ्ठपणाची ३०ची रेषा आमच्यासाठी २७.५ला. इंग्लंडमधल्याच नोंदींवरून २०२१मध्ये निघालेला निष्कर्ष तर याहून कडक आहे: गोऱ्या माणसाला बीएमआय ३०ला मधुमेहाचा जो धोका, तो आपल्याला २३.९लाच. २०२२पासून इथे आणखी एक सोपा सल्ला दिला जातो, की कमरेचा घेर उंचीच्या निम्म्यापेक्षा कमी ठेवा. टेप लागते, बाकी काही नाही. आणि आपल्या वादात? तूप, किटो, सोळा तासांचा उपवास, इंजेक्शन. टेपेचं नाव नाही. पोट सुटलेल्या बारीक माणसाला आपण अजूनही "तब्येत सुधारली" म्हणतो.

पण म्हणून इथलं सगळं डोक्यावर घेऊन नाचावं, असं मला वाटत नाही. जगभरचे संशोधक वापरतात त्या यूके बायोबँक नावाच्या आरोग्य-नोंदींच्या साठ्यात पाच लाख माणसं आहेत आणि त्यातले सुमारे ९५ टक्के गोरे. हृदयाचा धोका मोजणाऱ्या गणकात आमच्यासाठी "भारतीय" असा एक रकाना आहे. त्यात अमृतसर, कोल्हापूर आणि चेन्नई एकाच खान्यात बसतात. दोष एकट्या संशोधकांचाही नाही. अभ्यासात भाग घ्या म्हणून पत्र आलं की आपली माणसं ते कचऱ्यात टाकतात. मंडळात आहारगुरूंचं व्याख्यान ठेवा, हॉल भरतो. शेजारी रक्तदाब तपासायचं टेबल ठेवा, तिथे स्वयंसेवक पेंगत असतो.

मला घरच्या वादाकडून खरी अपेक्षा वेगळी आहे. दोनदा जेवणं विरुद्ध पाचदा जेवणं, तेही ज्वारी-भात-वरण खाणाऱ्या, पोट सुटलेल्या मराठी प्रौढांत, आणि मोजायचं ते वजन नव्हे तर हार्ट अॅटॅक, अशी मोठी चाचणी मागा की! कंपनी ती करणार नाही, कारण जेवणाच्या वेळेचं पेटंट मिळत नाही. इंजेक्शनमागे पैसा आहे म्हणून त्याचा पुरावा आहे. भाकरीमागे नाही म्हणून भाकरीचा पुरावा नाही. त्यातून माणसं असा अर्थ काढतात की इंजेक्शनच काम करतं. सरकारनं पैसा घातला तर हे जमतं. चीनमधल्या ६०० खेड्यांत २०,९९५ लोकांवर मिठाची चाचणी झाली. सोडियम थोडं कमी, पोटॅशियम थोडं जास्त असं मीठ वापरलं आणि पक्षाघाताचं प्रमाण १४ टक्क्यांनी घटलं. स्पेनमधल्या ऑलिव्ह तेल आणि सुक्यामेव्याच्या चाचणीचा शोधनिबंध तर २०१८मध्ये मागे घेतला गेला, कारण काही ठिकाणी माणसं गटांत चिठ्ठी टाकल्यासारखी वाटली गेली नव्हती. लेखकांनी आकडे पुन्हा तपासून त्याच वर्षी नव्यानं छापले. आपल्याकडच्या कुठल्या आहारतटानं असं जाहीरपणे माघार घेऊन फेरतपासणी केल्याचं मला आठवत नाही.

आणि वयाचा मुद्दा. ५२ देशांतल्या इंटरहार्ट अभ्यासात दक्षिण आशियातल्या लोकांना पहिला हार्ट अॅटॅक मध्यमानानं ५३व्या वर्षी आला, बाकीच्यांना ५९च्या आसपास. इंग्लंडमधली मोफत तपासणी सगळ्यांना सरसकट ४०ला सुरू होते; आमच्यासारख्यांचा मधुमेहाचा धोका २५पासून बघा असं मार्गदर्शक सूचनांत लिहिलेलं आहे, पण ते बोलावणं आमच्या ओळखीत कुणालाही आलेलं मी ऐकलेलं नाही. याबाबतीत भारताचा नियम जास्त शहाणा आहे. सरकारी आरोग्य केंद्रांतली मधुमेह-रक्तदाबाची तपासणी ३०व्या वर्षी सुरू होते, आणि आशाताई जो फॉर्म भरून घेतात त्यात कमरेच्या घेराला गुण आहेत: बाईला ८० सेंटिमीटरच्या पुढे, पुरुषाला ९०च्या पुढे. दीक्षित-दिवेकर वादात हिरीरीनं उतरलेल्या माझ्या नात्यातल्या एकाही फ्लॅटमध्ये तो फॉर्म कधी भरला गेलेला नाही.