काशाला तेल पाजताना

माझ्या प्रीमियर पद्मिनीच्या सेल्फचे, म्हणजे गाडी चालू करणाऱ्या मोटरचे, बुश (शाफ्ट ज्यांत फिरतो त्या छोट्या नळ्या) काल एका आजोबांनी पेट्रोलनं धुऊन काढले. न विचारता. वर मलाच म्हणाले, "लई तेलकट झालते हो मालक. लख्ख करून ठिवलाव."

तेलकट असणारच! चोवीस तास इंजिन ऑइलमध्ये भिजत घातले होते. बायकोनं वाटीवर ताटली झाकून 'लोणचं नाही' अशी चिठ्ठीही लावली होती.

आजोबांचं गॅरेजमध्ये काही काम नव्हतं. लातुरात प्रत्येक गॅरेजला असे एक आजोबा असतात. सावली आणि चहा यांवर त्यांचा वहिवाटीचा हक्क असतो.

"बुश तेल पितो, आजोबा."

"पितळ तेल पितंय?"

"पितळ नाही, काशाची जात. तांबं आणि कथील. भुकटी दाबून भट्टीत भाजतात, म्हणून आत बारीक छिद्रं राहतात. त्यात तेल मुरतं. शाफ्ट फिरून तापला की तेच बाहेर येतं."

आजोबांनी विचार केला. "आमची माय काशाच्या वाटीनं तळपाय चोळायची. वाटीच तेल पिली असती तर पायाला काय ऱ्हायलं असतं?"

यावर माझ्याकडे आजही उत्तर नाही.

त्यांच्या तावडीतून एक बुश वाटीच्या तळाशी वाचला होता. तो उचलला, खाली बोट लावून भोकात तेल भरलं आणि वरून अंगठा दाबून धरला. जरा वेळानं बुशच्या बाहेरच्या अंगावर बारीक थेंब उमटले.

"आगं माय! मालकानं बुशला घाम फोडला!"

मिस्त्री पोट धरून हसला. मघाशी हाच आतून ग्रीस थापायला निघाला होता. ग्रीसनं छिद्रं बुजतात म्हटलं, तर "मोबाईलवर वाचून आलेत सर" हे माझ्यादेखत पोऱ्याला सांगितलं. बरं, मजुरी घेताना मोबाईलवरच घेतो!

घाई असेल तर तेल 100 अंशांवर 2 तास तापवूनही काम होतं. पण पेट्रोल प्यालेले बुश स्टोव्हवर कोण ठेवणार? म्हणजे आधी उन्हात वाळवा, मग पुन्हा चोवीस तास. तोवर सेल्फ टेबलावर आणि गाडी धक्क्यावर.

मी, मिस्त्री आणि पोऱ्या मागून ढकलत होतो. आजोबा पुढच्या सीटवर बसले होते. चहाचे पैसेही मीच दिले.