मुलगा दाखवण्याचा कार्यक्रम

अमेरिकेत बेसबॉल खेळणाऱ्या मुलाच्या घरी नववी-दहावीच्या सुमारास एक ईमेल येते आणि तिथून पुढे त्या घरातल्या शनिवार-रविवारांवर घरच्यांचा हक्क राहत नाही. ‘तुझ्या खेळाकडे आमचे लक्ष आहे, आमच्या शोकेस कॅम्पला तू यावेस, अशी आमची इच्छा आहे,’ असा तिचा मजकूर असतो. वर चिरंजीवांचे नाव, खाली महाविद्यालयाच्या प्रशिक्षकाची सही. आमच्या न्यू जर्सीतल्या घरात ती यजमानांनी उभे राहून वाचून दाखवली, मग सांगलीला फोन लावून आजोबांना ऐकवली. संध्याकाळी असे कळले की तीच ईमेल, काना-मात्रेचाही फरक न होता, शेजारच्या मुलालाही आली आहे आणि त्याने तर बॅट टाकून ट्रॉम्बोन हाती धरल्याला वर्ष उलटून गेले आहे. तोवर आमची फी भरून झाली होती आणि ती परत मिळत नाही, हे त्याच ईमेलीत तळाशी बारीक अक्षरांत लिहिलेले होते.

महाविद्यालयांच्या प्रशिक्षकांसमोर मुलांनी खेळून दाखवण्याचा हा कार्यक्रम म्हणजे शुद्ध कांदेपोहे. फरक इतकाच, की मुलगा आपला, पोहे आपले, पेट्रोल आपले आणि बघायला येणाऱ्यांचे मानधनही आपल्याच खिशातून. शिवाय बघणाऱ्यांनी पसंती सांगायची नाही. महाविद्यालयीन खेळांचा कारभार पाहणाऱ्या एनसीएएच्या नियमानुसार, सर्वांत वरच्या डिव्हिजन वनमधल्या बेसबॉल प्रशिक्षकाला मुलाच्या अकरावीच्या आधीच्या १ ऑगस्टपर्यंत त्याच्याशी भरतीविषयी बोलता येत नाही. आमचा कॅम्प जुलैत होता. त्यामुळे ‘कोपर जरा वर ठेव’ असे ते सांगू शकत होते, ‘आमच्याकडे ये’ असे सांगू शकत नव्हते, आणि त्यांनी एखाद्याला ‘शाब्बास’ म्हटले की त्या एका शब्दात काय काय दडले असेल, यावर पालकांच्या बाकांवर अर्धा तास खल चालत होता.

सकाळी आठ वाजता मुलांच्या पाठीवर क्रमांक लावण्यात आले आणि पहिली परीक्षा झाली ती ६० यार्ड, म्हणजे साधारण ५५ मीटर, सरळ धावण्याची. या खेळात दोन बेसमधले, म्हणजे धावताना गाठायच्या थांब्यांमधले, अंतर ९० फूट असते, त्यामुळे इतके नाकासमोर धावण्याची वेळ सहसा येत नाही; पण मोजायला सोपे असते म्हणून मोजतात. सात सेकंदांच्या आत जो येतो, त्याच्याकडे माना वळतात. कुंपणाबाहेर फोनवर वेळ लावून उभ्या असलेल्या प्रत्येक बापाचा मुलगा सात सेकंदांच्या आत येत होता. प्रशिक्षकांच्या घड्याळात तसे एखाददुसऱ्याचेच झाले.

मग फलंदाजी झाली. स्टँडवर ठेवलेला चेंडू चारशे डॉलरच्या बॅटने मारायचा आणि तो किती वेगाने सुटला हे यंत्राने सांगायचे, यात बघण्यासारखे फारसे नाही. यजमानांना मात्र खरा उत्साह आला तो गोलंदाजांच्या वेळी. जन्मभर क्रिकेट पाहिलेला हा माणूस वेग मोजणाऱ्या रडारगनवरचा प्रत्येक आकडा मैलांतून किलोमीटरमध्ये फिरवून मला सांगत होता. “८१ म्हणजे १३०. मध्यमगती, पण टप्पा नाही.” बेसबॉलमध्ये टप्पा नसतोच, हे त्यांना चिरंजीवांनी अनेकदा सांगून झाले आहे.

आमचा मुलगा कॅचर, क्रिकेटमधल्या यष्टिरक्षकासारखा फलंदाजाच्या मागे बसणारा. म्हणजे भर उन्हात छातीला कवच, पायांना कवच, तोंडाला जाळी आणि दिवसभर उकिडवे बसणे. गोलंदाज ठरावीक चेंडू टाकून सावलीत जातात. कॅचर मात्र तोच राहतो. त्याची परीक्षा ‘पॉप टाइम’ नावाची. चेंडू त्याच्या ग्लव्हमध्ये ‘फट्’ असा वाजल्यापासून सुमारे १२७ फुटांवरच्या सेकंड बेसवर उभ्या असलेल्या खेळाडूच्या ग्लव्हमध्ये पोचेपर्यंतचा हा वेळ. तेवढ्यात उठायचे, पाय वळवायचे, ग्लव्हमधून चेंडू काढून बोटांत बसवायचा आणि फेकायचा. हे सगळे दोन सेकंदांत झाले तर उत्तम. चिरंजीवांना २.१ लागले. पुढच्याला २.०. सेकंदाच्या या दहाव्या हिश्श्यासाठी आम्ही हिवाळाभर तळघरात गादी उभी करून ठेवली होती आणि तिच्यावर चेंडू आदळत असताना मी वर पोळ्या लाटल्या होत्या.

दुपारी सामना झाला, आणि त्यात खरा घोटाळा झाला. चिरंजीवांना फलंदाजीची जी संधी मिळाली, तिच्यात समोरच्या गोलंदाजाला एकही धड चेंडू टाकता आला नाही. चार चेंडू वाईट गेले की फलंदाज आपोआप पहिल्या बेसवर चालत जातो. एरवी याला शहाणपण म्हणतात आणि संघ टाळ्या वाजवतो. पण इतके पैसे भरून, इतका प्रवास करून आपला मुलगा प्रशिक्षकांसमोर फक्त चालून दाखवतो आहे, हे पाहून यजमानांनी डोळे मिटले. मी डब्यातल्या तिखटमिठाच्या पुऱ्या शेजारच्या बाईंना दिल्या. त्यांच्या मुलालाही चालतच जावे लागले होते.

शेवटी पालकांची सभा. २०२४-२५ पर्यंत डिव्हिजन वनच्या संपूर्ण संघात मिळून ११.७ शिष्यवृत्त्या वाटता येत, हे तिथे कळले. उरलेला सात दशांश खेळाडू मैदानात कुठे उभा करत असतील, या विचारात मी असतानाच, नव्या व्यवस्थेत आलेल्या महाविद्यालयांसाठी ती मर्यादा आता उठल्याचे आणि त्याऐवजी त्यांना ३४ खेळाडूंची मर्यादा असल्याचे सांगण्यात आले. डिव्हिजन थ्रीमध्ये खेळासाठी शिष्यवृत्ती मुळीच नाही. जी काही मदत मिळते ती अभ्यासावर किंवा घरच्या परिस्थितीवर. मग प्रशिक्षक घसा खाकरून म्हणाले, “मुलाचे नाव आले की मी सर्वांत आधी त्याची गुणपत्रिका मागवतो.”

हे वाक्य मी गेली कित्येक वर्षे, रोज, विनामूल्य म्हणत आले आहे. यजमानांनी ते वहीत लिहून घेतले आणि खाली दोन रेघा मारल्या.

परतीच्या वाटेवर चिरंजीव मागच्या सीटवर धुळीसकट झोपले. आता पुढचे काही महिने बीजगणित, असे मी जाहीर केले, तेव्हा यजमान जरा चुळबुळले. सभा चालू असतानाच त्यांनी फोनवरून पुढच्या कॅम्पची फी भरून टाकली होती. तो ऑगस्टमध्ये आहे. तेव्हा प्रशिक्षकांना बोलता येते.