टाळूच्या स्क्रूने हाड मोडत नाही

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या पालकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर एक मजकूर फिरतोय: "अरुंद जबड्यासाठी टाळूला स्क्रू बसवतात, त्याने मुलांचं हाड मोडतं. पुढच्या दातांत पडणारी फट हाच पुरावा. हाड कायमचं ठिसूळ होतं. करायचंच तर १८ पूर्ण झाल्यावर करा, तेव्हा हाड पक्कं असतं."

'हाड मोडतं': टाळूचा उजवा-डावा भाग मधोमध शिवणीने जोडलेला असतो आणि वाढत्या वयात ती पुरती मिटलेली नसते. हा स्क्रू हाडात रोवलेला नसतो, दाढांना पकडून टाळूखाली बसवलेला असतो आणि छोट्या चावीने फिरवतात. चावी एकदा फिरवली की स्क्रू साधारण पाव मिलिमीटर उघडतो. बहुधा दिवसातून एकदा किंवा दोनदा फिरवतात. शिवण उघडली की समोरच्या दोन दातांत फट दिसते. आईबाप घाबरतात ते नेमकं हिला बघून, पण टाळू रुंदावत असल्याचीच ती खूण. पुढच्या काही महिन्यांत दात बहुतेक आपसूक जवळ येतात. १८६० साली अमेरिकेत एमर्सन अँजेल यांनी हा उपचार नोंदवला, म्हणजे प्रयोग नवा नाही.

'ठिसूळ होतं': नाही. उघडलेल्या जागेत नवं हाड भरतं. त्यासाठीच चावी थांबल्यावरही स्क्रू ३ ते ६ महिने तोंडात ठेवतात. 'काम झालं, आता काढा' असा आग्रह कृपा करून धरू नका. लवकर काढला तर टाळू पुन्हा आखडतो.

खरी काळजी मजकुरात नाहीच. ताण दाढांमधून जातो, त्या थोड्या गालाकडे झुकतात आणि त्यांच्या बाहेरच्या बाजूचं पातळ हाड आणखी झिजू शकतं. म्हणून डॉक्टरांना विचारा: तिथलं हाड आणि हिरड्या कशा आहेत, किती रुंदवणार?

'१८ नंतर करा': हा सल्ला वाचून मला राग येतो, कारण याने मुलांचं नुकसान होईल. वयाबरोबर शिवणीच्या कडा एकमेकींत गुंततात, मुलींमध्ये सहसा मुलांच्या आधी. मग तोच स्क्रू शिवण उघडण्याऐवजी दाढाच बाहेर ढकलतो आणि ज्या झिजेची भीती, ती वाढते. अशा वेळी टाळूच्या हाडातच वेगळे छोटे स्क्रू रोवावे लागतात, कधी शस्त्रक्रियाही.

प्रत्येक वेड्यावाकड्या दाताला हा स्क्रू लागत नाही. पण वरच्या दाढा खालच्यांच्या आत बसत असतील, तर मूल सात-आठ वर्षांचं असतानाच दाखवा. बेळगावात दोन डेंटल कॉलेजं आहेत. एका ठिकाणी शंका राहिली तर दुसरीकडे विचारता येतं.