फेरीमागं किती?

गावात कॉन्व्हेंट निघालं तेव्हापासून आमच्या घरी सतत कोणता ना कोणता 'डे' असतो. पिवळे कपडे घाला, फळ होऊन या. डिसेंबरात 'चॅरिटी वॉक' आला. केजीतल्या पोट्ट्यांनी शाळेपासून मारोतीच्या देवळापर्यंत फेऱ्या मारायच्या, फेरीमागे किती रुपये देणार ते लोकांकडून आधी लिहून घ्यायचं, आणि जमलेला पैसा अनाथाश्रमाला. कामाला नाव ठेवायला जागा नाही. फक्त फॉर्म घेऊन फिरायचं कोणी? पोरगी पाच वर्षांची. फॉर्म माझ्या खिशात आला.

आमच्या वेळी हे किती सोपं होतं! 7 डिसेंबरला ध्वजदिन. गुरुजी कागदी झेंडा द्यायचे, घरून पैसे आणायचे, झेंडा टाचणीनं खिशाला लावून दिवसभर मिरवायचं. सैनिकांसाठी आहे म्हटलं की आजोबा कनवटीचे पैसे काढत. कोणाला चालून दाखवावं लागत नसे.

मी आधी पानठेला गाठला. ठेलेवाला खर्रा घोटत होता.

"पोरगी चालून राह्यली नं? मंग पैसे कायले? चालत नसती त दवाखान्यासाठी देल्ले असते."

यावर काय बोलणार? तेवढ्यात बाकावरचे म्हातारबा म्हणाले, "विनोबा चालले त लोकायनं जमिनी देल्ल्या."

ठेला एकदम गप्प. विनोबांचं पवनार आमच्याच जिल्ह्यातलं. 1951 पासून तेरा वर्षं तो माणूस भूदानासाठी पायी फिरला. इथं त्यावर कोण वाद घालणार?

"तुही पोट्टी काय मांगते?"

"फेरीमागं पाच रुपये."

"लिव्ह मंग. जमीन नाही नं मांगत."

म्हाताऱ्यानं लिहिलं म्हणून ठेलेवाल्यालाही लिहावं लागलं.

वॉकच्या दिवशी कडाक्याची थंडी. कानटोप्या घातलेली पोट्टी रांगेत, आणि सरांचं भाषण वॉकपेक्षा लांब. रांग सुटली ती थेट बोरीच्या झाडाखाली जाऊन मोडली. शाळेनं पाण्याची सोय केली होती, प्रथमोपचाराची केली होती. बोरीचा विचार कोणी केला नव्हता. पोट्टी बोरांवरून उठेनात. मग एकाला सू आली. मग सगळ्यांनाच आली. मॅडम हातातला बॅनर तुरीच्या धुऱ्यावर ठेवून शिट्टी वाजवत राहिल्या.

देवळापाशी दुसऱ्या मॅडम स्केचपेन घेऊन बसलेल्या. फेरी झाली की हातावर टिक. पहिली टिक मिळताच आमच्या पोरीनं "पाय दुखते" जाहीर केलं आणि ती माझ्या खांद्यावर चढली. दुसरी फेरी मी मारली, टिक तिला मिळाली. सगळे बाप तसेच निघाले होते.

वाटेत कापूस वेचणीला निघालेल्या बाया थांबल्या. "काय होय जी हे?"

मी समजावायला घेतलं. गावात आतापर्यंत प्रत्येकाला हे दोनदा समजवावं लागलं होतं. ही बाई पहिल्या वाक्यालाच म्हणाली, "म्हंजे आमचं किलोवर, यायचं फेरीवर. अन् चुकारा?"

"तो अनाथाश्रमाला."

"मंग पोट्ट्यायले काय?"

"एकेक केळं."

तिनं सोबतिणीकडं पाहिलं. "आमच्या मालकापरीस बरं हाय बाई. थो केळंबी देत नाही." आणि पदराची गाठ सोडून दहाची नोट डब्यात टाकून, शेताला उशीर झाला म्हणत निघून गेली.

संध्याकाळी वसुलीला ठेल्यावर गेलो. दोन फेऱ्यांचे पैसे मागितले. ठेलेवाल्याकडं बातमी आधीच पोहोचलेली.

"एक फेरी पोट्टीची. दुसरी तुमची. तुमचा फॉर्म कुठी हाय?"

माझा फॉर्म कुणी काढलाच नव्हता. त्यानं पाचाचं नाणं गल्ल्यावर ठेवलं आणि पुन्हा खर्रा घोटायला लागला.

म्हातारबांनी मात्र दोन नाणी काढली. "घे बापा. चालला त तूबी."