गर्भारपणातला वांग आणि ‘मुलगाच होणार’ हा दावा

आग्नेय नायजेरियातील इग्बो स्त्रियांविषयीचा एक दावा छायाचित्रांच्या जोडीसह सतत फिरत असतो. डावीकडे लग्नातला उजळ, हसरा चेहरा असतो आणि उजवीकडे तीच स्त्री सातव्या-आठव्या महिन्यात, गाल व कपाळ काळवंडलेले, नाक फुगलेले. खालचा मजकूर साधारण असा: इग्बो बायकांचे तोंड गर्भारपणी असेच काळे पडते व सुजते, तसे झाले की मुलगाच होणार, काळ्या कातडीचे ऊन काही बिघडवत नाही, आणि बाळंतपणानंतर चांगले ‘टोनिंग’ क्रीम लावले की रंग परत येतो. यातले एकही विधान जसेच्या तसे टिकत नाही. पण काही नुसतीच चुकीची आहेत, तर काही जिवावर बेतू शकतात.

‘इग्बो बायकांचेच असे होते’ हे पहिले विधान लवकर निकाली काढता येते. आनाम्ब्रा, एनुगू, इमो, अबिया आणि एबोनी या राज्यांतल्या गर्भवतीच्या गालावर जो डाग उमटतो त्याला मराठीत शब्द आहे, वांग. आणि तो शब्द आपल्याकडे इतका जुना व घरगुती आहे यातच या विधानाचे उत्तर आले. त्वचेतील रंगपेशींची संख्या सर्व वंशांत जवळपास सारखी असते, फरक असतो तो त्या किती रंगद्रव्य बनवतात आणि ते त्वचेत कसे पसरते यात. गव्हाळ ते सावळ्या त्वचेत या पेशी चटकन चेततात, त्यामुळे वांग दक्षिण आशियात, लॅटिन अमेरिकेत आणि आफ्रिकेत अधिक दिसतो. इग्बो समाजातही ‘ओचा’, म्हणजे उजळ, म्हणवल्या जाणाऱ्या पुष्कळ स्त्रिया आहेत आणि त्यांच्या गालावरचा डाग छायाचित्रात उठून दिसतो, इतकेच.

‘मुलगाच होणार’ हे विधान अधिक चिवट आहे. गर्भाचे लिंग पित्याकडून येणाऱ्या एक्स किंवा वाय गुणसूत्राने गर्भधारणेच्या क्षणीच ठरते. वांग मात्र बहुधा गर्भारपणाच्या उत्तरार्धात ठळक होतो, कारण तोवर इस्ट्रोजेन, प्रोजेस्टेरॉन आणि रंगपेशींना चेतवणारे संप्रेरक यांचे प्रमाण बरेच वाढलेले असते, आणि पोटात मुलगी असली तरी ते वाढायचे थांबत नाही. याहून सरळ पुरावा हवा असेल तर गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्या स्त्रियांकडे पाहावे: त्यांतल्या काहींना हुबेहूब असाच वांग येतो, आणि त्यांच्या पोटात मुलगाही नसतो नि मुलगीही नसते. तरीही भाकीत खरे ठरल्याच्या कहाण्या सापडतात, त्याचे कारण साध्या हिशेबात आहे. दर 100 मुलींमागे सुमारे 105 मुलगे जन्मतात, म्हणजे डोळे मिटून प्रत्येकीला ‘मुलगा’ म्हणणाऱ्याचे भाकीतही निम्म्याहून थोडे अधिक वेळा बरोबरच येणार.

हे भाकीत इतक्या हौसेने का पसरते, हे इग्बो वारसाहक्काकडे पाहिले की कळते. प्रथेनुसार पित्याच्या मालमत्तेत मुलीला वाटा नसे. ही प्रथा घटनाविरोधी असल्याचा निर्णय नायजेरियाच्या सर्वोच्च न्यायालयाने उकेजे खटल्यात 2014 साली दिला. इग्बो मुलींना ठेवले जाणारे ‘न्वान्यिबुइफे’ हे एक नाव आहे, त्याचा अर्थ ‘बाई हीसुद्धा काहीतरी आहे’. ते ‘सुद्धा’ ऐकून आपल्याकडच्या ‘नकुशी’ची आठवण होते. काळवंडल्याबद्दल हिणवली जाणारी गर्भवती अशा समाजात ‘मुलगा आहे म्हणून’ हे उत्तर ढालीसारखे पुढे करत असेल, तर तिला दोष देणे मला जमणार नाही. दोष तेच उत्तर वैद्यकीय माहिती म्हणून वाटणाऱ्यांचा आहे.

‘काळ्या कातडीचे ऊन काही बिघडवत नाही’ यात अर्धे सत्य आहे. गडद त्वचेला उन्हाने भाजण्यापासून आणि त्वचेच्या कर्करोगापासून बरेच संरक्षण मिळते, परंतु वांगापासून मिळत नाही, कारण चेतलेल्या रंगपेशींना अतिनील किरणांइतकाच डोळ्यांना दिसणारा प्रकाशही आणखी चेतवतो आणि सावळ्या त्वचेत हा परिणाम अधिक होतो. एनुगू, ओनित्शा, आबा ही शहरे विषुववृत्तापासून पाच ते सात अंशांवर आहेत, आणि ओनित्शाच्या बाजारात उघड्यावर दिवसभर बसणारी विक्रेती नवव्या महिन्यापर्यंत तिथेच बसते. रुंद काठाची टोपी, छत्री आणि लोह-ऑक्साइड असलेले रंगीत सनस्क्रीन एवढे उपाय गर्भारपणातही निर्धोक आहेत.

आता क्रीम. बाळंतपणानंतर वांग पुष्कळ जणींचा आपोआप फिका होतो, काहींचा काही महिन्यांत, काहींचा वर्षभरात. रंगद्रव्य त्वचेच्या वरच्या थरात असेल तर ते पेशींबरोबर झडते, खालच्या थरात उतरले असेल तर वर्षानुवर्षे राहते. इग्बो घरांत बाळंतिणीची आई किंवा सासू येऊन ‘ओमुग्वो’ करते: गरम पाण्याने पोट शेकते, मिरी-मसाल्याचे सुरणासारख्या याम कंदाचे कढत सूप पाजते, आणि लेकीला शक्यतो घराबाहेर पडू देत नाही. आपल्या सव्वा महिन्याचीच ही बहीण. या काळात संप्रेरके उतरतात, ऊनही लागत नाही आणि चेहरा निवळू लागतो. पण नेमक्या त्याच आठवड्यांत कुणी ‘न्चा न्कोटा’ हा काळा साबण लावलेला असतो, कुणी क्रीम, आणि आयते श्रेय त्या डबीला मिळते.

नायजेरियात ‘टोनिंग’ हा शब्द ‘ब्लीचिंग’ म्हणायची लाज वाटते म्हणून वापरतात. डबीत बहुधा तिघांपैकी कोणीतरी असते: हायड्रोक्विनोन, क्लोबेटासोलसारखे जहाल स्टेरॉइड, किंवा पारा. हायड्रोक्विनोन त्वचेतून मोठ्या प्रमाणात रक्तात शोषले जाते, म्हणून गर्भारपणी ते टाळायला सांगतात; आणि ते वर्षानुवर्षे चोपडले तर त्वचा निळसर-काळी व खरखरीत होते, हे दक्षिण आफ्रिकेत 1975 मध्येच नोंदवले गेले. डाग घालवायला आणलेल्या डबीने न जाणारा डाग द्यावा, हे आगीतून फुफाट्यात पडणेच झाले. पारा मूत्रपिंडांवर घाला घालतो, आणि तान्हे बाळ घरात असताना तो आईपुरता राहत नाही, कारण क्रीम लावलेल्या गालाला दिवसातून दहादा बाळाचा गाल लागतो. हे लांबचे वाटत असेल, तर 2023 मधली अकोल्याची बातमी आठवावी: एकाच घरातील आई आणि दोन मुलींची मूत्रपिंडे गोरेपणाच्या क्रीममुळे बिघडली होती, आणि तपासणीत त्यात पारा सापडला होता.

राहिले फुगलेले नाक आणि सुजलेले तोंड, ज्याचा उल्लेख दाव्यात काळेपणाच्या ओघात, जाता जाता येतो. नाकाला थोडी सूज अनेकींना येते आणि ती ओसरते. परंतु विसाव्या आठवड्यानंतर एक-दोन दिवसांत तोंड आणि हात सुजणे, डोके ठणकणे, डोळ्यांपुढे काजवे चमकणे ही गर्भारपणातील रक्तदाबाच्या विकाराची, प्रीएक्लॅम्प्सियाची, लक्षणे असू शकतात, आणि हा विकार नायजेरियात मातामृत्यूंच्या प्रमुख कारणांपैकी एक आहे. वांगाने सूज येत नाही. म्हणून त्या उजवीकडच्या छायाचित्रातील स्त्रीला कुणी विचारायला हवे होते ते इतकेच: तोंड किती दिवसांपासून सुजले आहे, रक्तदाब 140/90 च्या वर गेला आहे का, आणि लघवीतील प्रथिने तपासली आहेत का.