म्झे, तुमचं दुकान कुठे?

शंभरात जेमतेम एक ख्रिस्ती असलेल्या महाराष्ट्रातून, शंभरात ऐंशीहून जास्त ख्रिस्ती असलेल्या युगांडात मिशनसेवेला जाणं म्हणजे कोकणात नारळ विकायला जाण्यासारखं आहे. पण आमच्या मंडळीत हा हिशेब कुणी मांडलाच नाही. आफ्रिका म्हटल्यावर पाळकसाहेबांची निरोपाची प्रार्थना थेट सिंहांपर्यंत पोचली. वास्तविक मी गणिताचा निवृत्त मास्तर. मुकोनो गावातल्या चर्चच्या शाळेला गणित शिकवायला कुणीतरी हवं होतं, एवढंच.

एन्टेबेच्या विमानतळावर पासपोर्टआधी पीतज्वराच्या लशीचं पिवळं कार्ड बघतात. ते आमच्या हिने पाकिटात जपून ठेवलं होतं. अडलो ते कुकरपाशी. हिने पाच लिटरचा कुकर कुरडयांनी ठासून भरला होता. कस्टमवाल्याने एक कुरडई उचलून उजेडात धरली आणि विचारलं, "हे कशाचं यंत्र?" हिने त्याला चीक कसा काढतात इथपासून सांगायला सुरुवात केली. मागची रांग पाहून त्याने हात जोडले.

मुकोनोत मला सगळे 'म्झे' म्हणू लागले, म्हणजे वडीलधारे. दुसरा प्रश्न ठरलेला : "म्झे, तुमचं दुकान कुठे?" यात त्यांची चूक नाही. त्यांनी पाहिलेला हिंदी माणूस गल्ल्यावरच बसलेला. १९७२ साली हुकूमशहा इदी अमीनने आशियाई लोकांना नव्वद दिवसांत देश सोडायला लावला, पुढे त्यांतले काही परतले, आणि दुकानं पुन्हा उघडली. मी शाळेत शिकवायला आलोय म्हटलं की लोक समजुतीने मान हलवायचे आणि हळूच विचारायचे, "आणि दुकान कोण बघतं? मॅडम?"

घर छान होतं. विजेचा मीटर प्रीपेड. पैसे भरले की वीस आकडी नंबर येतो, तो मीटरवर दाबायचा. चष्मा लावून, मच्छरदाणीत पाय अडकवत, अंधारात वीस आकडे दाबून बघा म्हणजे इतकी वर्षं आपण मुलांकडून तोंडी हिशेब का करून घेतले याचा पश्चात्ताप होतो.

पण खरी परीक्षा घेतली घड्याळाने. राखणदार म्हणाला, "उद्या एक वाजता बाजारात नेतो." आम्ही ठरवलं, जेवून निघू. सकाळी सातला दारावर थाप! मी दात घासतोय, ही गाऊनवर, आणि तो पिशव्या घेऊन उभा. "एक वाजला, म्झे." मी त्याला मनगट दाखवलं, त्याने मला सूर्य दाखवला.

गोष्ट अशी, की हा देश विषुववृत्तावर. सूर्य बारा महिने सातच्या आसपास उगवतो आणि सातच्या आसपास मावळतो. मग तास तिथूनच मोजायचे : सकाळचे सात म्हणजे एक, दुपारचे बारा म्हणजे सहा. बायबलात अकराव्या तासाला आलेल्या मजुरांचा दाखला मी जन्मभर ऐकला. ते संध्याकाळी पाचला आले होते हे पाठही होतं. पण त्या घड्याळावर रोज भाजी आणायची वेळ येईल असं वाटलं नव्हतं. सहा मिळवा किंवा वजा करा, गणित दुसरीतलं आहे. पंचाईत अशी, की तोच माणूस इंग्रजीत बोलताना आपल्यासारखी वेळ सांगतो. म्हणजे आधी समोरच्याच्या डोक्यात कुठलं घड्याळ चालू आहे ते ताडायचं, मग वजाबाकी. आमच्या हिने यावर सोपा तोडगा काढला : बोलावलं की लगेच निघायचं.

१८३१ साली अमेरिकन मिशनरी आमच्या नगरला आले. त्यांना बघून आमच्या खापरपणज्या पदराआड किती हसल्या असतील! मिशनरी सेवा करायला येतो म्हणतात. पण पहिले काही आठवडे सगळं गाव त्याचीच सेवा करत असतं. पाणी उकळून ठेव, बोडाबोडावर, म्हणजे भाड्याच्या मोटारसायकलवर, मागे कसं बसायचं ते शिकव (गाडी पुण्याची बजाज, त्यामुळे मला उगाच मालकासारखं वाटायचं), कच्च्या केळ्यांचं वाफवलेलं माटोके हाताने खाऊन दाखव. नाक्यावर चपाती मिळते म्हटल्यावर हिचे डोळे भरून आले. मैद्याची निघाली, तरी तिने दोन खाल्ल्या.

रविवारी उपासनेत आमची ओळख करून दिली. शाळेतल्या मुली नमस्काराला गुडघे टेकायच्या, तेव्हा मला कुठे बघावं कळायचं नाही. इथे तर सगळं चर्च बघत होतं. मंडळीतल्या एका ज्येष्ठांनी उठून विचारलं, "तुमच्याकडे ख्रिस्ती किती?" मी खरा आकडा सांगितला. चर्चभर हळहळ पसरली. मग आमच्यासाठी जी प्रार्थना सुरू झाली, ती दोन्ही घड्याळांत लांबलीच.

बाहेर चहा-शेंगदाण्यांवर ठरावच झाला, की नगरला यांच्यातलं कुणीतरी पाठवायला हवं. मुख्याध्यापकांनी वही काढली. "म्झे, तिकडे यायला कुठली इंजेक्शनं लागतात?"

"इंजेक्शनांचं नंतर बघू," ही म्हणाली. "मे महिन्यात येऊ नका. आधी हे लिहून घ्या."